उजेड कुठून पडतो

लोणारचे उपग्रहातून घेतलेले छायाचित्र मोबाइलवर उघडा. पडदा आपोआप फिरण्याची सोय बंद करा आणि मोबाइल हातातल्या हातात सावकाश उलटा करा. बऱ्याच जणांना मध्येच कुठेतरी चपापल्यासारखे होते. खड्डा होता तिथे टेकडी उभी राहते, किंवा टेकडी वाटत होती ती आत खचते. सरोवर तेच, काठ तोच, एक रेघही बदललेली नसते. बदललेली असते ती सावलीची बाजू. असे उपग्रह बहुधा सकाळी डोक्यावरून जातात, तेव्हा सूर्य आग्नेयेकडे असतो. उत्तर वर धरून छापलेल्या चित्रात मग उजेड खालून, उजव्या कोपऱ्यातून आलेला दिसतो. माणसाच्या मेंदूने तर पिढ्यान्‌पिढ्या एकच धडा गिरवला आहे: उजेड वरून येतो. म्हणून खड्ड्याला तो उंचवटा समजतो, आणि फसलो हे त्याला कळतही नाही.

मूर्तीचे काहीसे असेच असते. तिचा उठाव अर्धा दगडात असतो, अर्धा पाहणाऱ्याच्या डोक्यात, आणि दोघांमधला मध्यस्थ म्हणजे उजेड. गेल्या साठ वर्षांत काही कलावंतांनी विचार केला, की मध्यस्थाच्या हाती एवढे असेल तर दगड हवाच कशाला? नुसता उजेड घेऊन शिल्प करता येईल की. त्यातून जे घडले त्याचा हा आढावा. तो दुसरबीडमधून लिहावा हे कुणाला चमत्कारिक वाटेल. सिंदखेडराजा आणि मेहकर यांच्या मधल्या रस्त्यावरचे हे गाव, इथे कलादालन नाही. पण एका अंगाला लोणार, दुसऱ्या अंगाला सिंदखेडराजा आणि जिल्ह्याची हद्द ओलांडली की अजिंठा. या विषयाची निम्मी सामग्री आमच्या आसपासच पडलेली आहे. माझे म्हणणेही तिच्यातूनच निघाले आहे. प्रकाशाच्या शिल्पात दिवा दुय्यम. अंधार कुणी राखला, किती आणि किती वेळ, यावर सगळे ठरते.

सुरुवात दिव्यानेच झाली. २५ मे १९६३ रोजी न्यू यॉर्कमध्ये डॅन फ्लेविन याने बाजारात मिळणारी आठ फुटी पिवळी ट्यूबलाइट आपल्या खोलीच्या भिंतीवर पंचेचाळीस अंशात तिरकी लावली आणि ती कृती ब्रांकुशी या शिल्पकाराला अर्पण केली. तिरकी ट्यूब म्हणजे शिल्प कसे, हा प्रश्न तेव्हाही लोकांनी केला. फ्लेविनचे उत्तर पुढच्या कामांत आहे. खोलीच्या कोपऱ्यात रंगीत नळ्या लावल्या की दोन भिंती जिथे मिळतात ती रेघच डोळ्यांना सापडेनाशी होते. खोलीचा आकार उजेडाने बदलतो, वीट न हलवता. त्याच काळात कॅलिफोर्नियात रॉबर्ट अर्विन, मेरी कॉर्स, डग व्हीलर, जेम्स टरेल ही मंडळी अशाच वाटेने निघाली होती. अर्विनने तर १९७७ मध्ये न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाचा एक मजला दिवे बंद करून जवळजवळ रिकामा ठेवला, खिडकीचा उजेड आणि आडवा ताणलेला झिरझिरीत पांढरा पडदा एवढ्यावर. मला हा माणूस टरेलपेक्षा जास्त पटतो, पण बोलण्यासारखे टरेलकडे अधिक आहे.

जपानच्या नाओशिमा बेटावर टरेलची एक कलाकृती आहे, १९९९ सालची. इमारत तादाओ आंदो यांची. कर्मचारी तुम्हाला आत नेतात, भिंतीला हात लावून चालायला सांगतात आणि काळ्याकुट्ट अंधारात बाकावर बसवतात. काही दिसत नाही. काही मिनिटे जातात. मग समोर कुठेतरी एक फिकट आयत असल्यासारखा वाटतो. आहे की भास, हे कळत नाही. आणखी थोड्या वेळाने तो ठरतो, आणि लोक उठून त्याच्याकडे जातात, हात पुढे करतात, तर हात आत जातो. पडदा नाहीच, पलीकडे पोकळी आहे. दिवा मधल्या काळात कुणी वाढवलेला नसतो. तो पहिल्यापासून तेवढाच होता. वाढले ते तुमचे डोळे. डोळ्यांतल्या शंकूपेशी आठ-दहा मिनिटांत अंधाराला जमतील तेवढ्या सरावतात. खरे अंधारातले पाहणे करणाऱ्या दंडपेशींना मात्र वीस-तीस मिनिटे लागतात, कारण उजेडाने विरलेले त्यांच्यातले रंगद्रव्य पुन्हा भरून यावे लागते. हे शिल्प त्या रसायनाचे बनलेले आहे म्हटले तरी चालेल.

खेड्यातल्या माणसाला हा अनुभव नवा नाही, किंवा नव्हता. लाइन गेली की अंगणात आधी काहीच दिसायचे नाही, मग निंबाच्या झाडाची कड, मग खाटेची चौकट, मग गोठ्यातले जनावर. आता लाइन जाताच चार मोबाइलच्या बॅटऱ्या लागतात आणि दंडपेशींची पाळीच येत नाही.

टरेलचे सर्वांत मोठे काम अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात चालू आहे. रोडन क्रेटर नावाचा एक विझलेला ज्वालामुखी त्याने १९७७ मध्ये घेतला आणि तेव्हापासून त्यात बोगदे, दालने, आकाशाकडे उघडणारी छते तयार करणे चालले आहे. विवराचा काठ त्याने माती हलवून असा घोटून घेतला आहे, की तळाशी आडवे झाले की आकाश घुमटासारखे आपल्यावर बसवलेले वाटावे. लोणारचे विवर उल्केचे, ज्वालामुखीचे नव्हे. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, आणि काठ निसर्गाने आयताच गोल करून दिलेला. तळाच्या देवळांपाशी उभे राहिले तर आकाशाला चहूकडून कड असते. त्यासाठी तिथे काही बांधायची गरज नाही. काठावर नवा फोकस लावू नये, एवढीच गरज.

युरोपात याच धाग्याला ओलाफुर एलियासन याने गर्दीत आणले. ऑक्टोबर २००३ ते मार्च २००४ लंडनच्या टेट मॉडर्नच्या अवाढव्य टर्बाइन हॉलमध्ये त्याने एक सूर्य टांगला. म्हणजे टांगला अर्धाच. छताला आरसे लावून उरलेला अर्धा प्रतिबिंबाने पुरा केला. दिवे एकाच पिवळ्या तरंगलांबीचे, रस्त्यावरच्या जुन्या सोडियम दिव्यांच्या कुळातले. अशा उजेडात लाल-हिरवे-निळे सगळे मरते, माणसे पिवळी आणि काळी एवढीच उरतात. हवेत हलके धुके सोडलेले. वीस लाखांच्या घरात लोक येऊन गेले आणि त्यांतले कितीतरी फरशीवर उताणे पडून छतातल्या स्वतःला हात हलवत होते. काही समीक्षकांना ही जत्रा वाटली. मला वाटते एलियासनने एक गोष्ट प्रामाणिकपणे केली: आरसे, दिवे, धुक्याची यंत्रे लपवली नाहीत. मागे जाऊन पाहिले की सगळी करामत उघडी होती, आणि तरी सूर्य सूर्यच वाटत होता.

या कलेत माणसे पडतातही, हे सांगायला हवे. १९८० मध्ये व्हिटनीत टरेलच्या उजेडाला भिंत समजून टेकायला गेलेली एक बाई कोसळली आणि प्रकरण कोर्टात गेले. २०१८ मध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात अनिश कपूर यांच्या 'डिसेंट इनटू लिंबो' या १९९२ च्या कामात एक प्रेक्षक पडला. जमिनीत सुमारे अडीच मीटर खोल खड्डा, आतून असा काळा रंगवलेला की वरून पाहताना फरशीवर काळी चकती रंगवली आहे असे वाटावे. इथे लोणारच्या छायाचित्राचा खेळ पुरा होतो. सावलीच नाही, म्हणून खोलीही नाही.

कपूर यांचा जन्म १९५४ चा, मुंबईचा; १९७३ पासून ते लंडनमध्ये आहेत. त्यांच्याकडे दिवे फारसे नाहीत. त्यांचे साहित्य म्हणजे उजेड पिणारे रंगद्रव्य आणि उजेड परतवणारे आरसे. शिकागोतले 'क्लाउड गेट' सारे शहर आपल्या पोटात वाकवून दाखवते. उलट टोकाला व्हँटाब्लॅक हे ९९.९६५ टक्के उजेड गिळणारे लेपन. ते कलेसाठी एकट्याने वापरण्याचा हक्क त्यांनी २०१६ मध्ये घेतला, तेव्हा इतर कलावंत चिडले, आणि चिडले ते बरोबरच होते. २०१०-११ च्या हिवाळ्यात त्यांचे काम दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आणि मुंबईच्या मेहबूब स्टुडिओत आले. जन्मगावी ते तेव्हा पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या प्रमाणात दिसले.

आता घरच्या जुन्या ऐवजाकडे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात गाभाऱ्यातल्या बुद्धाचा चेहरा गाइड पिढ्यान्‌पिढ्या एका खेळासाठी दाखवत आले आहेत. बॅटरीचा झोत एका बाजूने टाकला की चेहरा हसरा, दुसऱ्या बाजूने टाकला की गंभीर, समोरून टाकला की ध्यानात बुडालेला. मूर्तिकाराने मुद्दाम तीन भाव कोरले, असे जो गाइड सांगतो तो पदरचे थोडे घालतो. पाचव्या शतकात तिथे बॅटरी नव्हती. ओसरीच्या दारातून येणारा परतलेला उजेड होता आणि तेलाचे दिवे होते. पण ओठाच्या कोपऱ्याशी आणि गालाच्या उतारावर दगड किती जपून काढला आहे, ते त्या खेळात दिसते. कडा तीक्ष्ण ठेवल्या असत्या तर कुठूनही पाहा, एकच भाव दिसला असता. घारापुरीला हेच काम वास्तूने केले आहे. दक्षिणेच्या भिंतीवरची साडेपाच मीटरची महेशमूर्ती, उजेडाच्या वाटा उत्तर, पूर्व आणि पश्चिम अशा तीन. दिवस चढतो-उतरतो तसे तिन्ही मुखांचे वजन बदलत राहते. सकाळची बोट पकडणारे आणि दुपारची पकडणारे वेगवेगळी मूर्ती पाहून परततात.

देवळाच्या गाभाऱ्यात तर सगळा बेतच उजेड कमी ठेवण्याचा. मूर्ती काळ्या दगडाची, तिला तेल लागलेले, डोळे चांदीचे, एक समई. उजेड हलतो तो आरतीत. निरांजन मूर्तीभोवती गोल फिरते तेव्हा उजेडाची दिशा सारखी बदलते, आणि तेलकट दगडावरची चमक खांद्यावरून गालावर, गालावरून मुकुटावर सरकते. एका जागी स्थिर दिव्यात जे कोरीव काम दिसत नाही ते या फिरण्यात क्षणभर दिसून जाते. भक्ताला हे दर्शन वाटते. शिल्पाकडे पाहणाऱ्याला ही प्रकाशयोजना वाटेल. दोघांचेही खरे आहे. त्याच गाभाऱ्यात पांढरी एलईडी पट्टी चिकटवली की मात्र दोघांचेही नुकसान होते.

लोणार गावातले दैत्यसूदन मंदिर यासाठी मुद्दाम पाहावे. बाहेरून तारकाकृती, आत अंधार, आणि छतावर कंसवध, नृसिंह असे प्रसंग कोरलेले. उन्हातून आत शिरलेला माणूस पहिली पाच मिनिटे आंधळाच असतो. बहुतेक जण तेवढे थांबत नाहीत. मोबाइलचा दिवा छातीशी धरून सरळ वर मारतात, आणि छत सपाट होते. समोरून आलेला उजेड सावली पडूच देत नाही, मग उठाव दिसणार कुठून? तोच दिवा सोबतच्या माणसाच्या हातात द्या, त्याला चार पावले बाजूला खांबाशी उभे करा आणि छताला घासून जाईल असा तिरका झोत टाकायला सांगा. आकृत्या दगडातून सुटून खाली येतात. डोळे सरावले असतील तर दिवाही लागत नाही, दाराचा उजेड पुरतो.

याच मंदिरात मे महिन्याच्या मध्यावर, दुपार व्हायच्या आधी, काही दिवस सूर्यकिरण मूर्तीवर येतात. लोणार साधारण वीस अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. किरणोत्सव त्याच दिवसांच्या आगेमागे पडतो, हा योगायोग नाही. गणिताने पाहिले तर तोच सूर्य, तीच उंची जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा येते. पण तेव्हा आभाळ भरलेले असते आणि उत्सव वर्षात एकदाच होतो. कोल्हापूरच्या अंबाबाईला दोन्ही फेऱ्या मिळतात. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी. मधला २२ डिसेंबर धरून मोजा, दोन्हीकडे साधारण एक्केचाळीस-बेचाळीस दिवस भरतात. सूर्य दक्षिणेला जाताना एकदा आणि परतताना एकदा मावळतीच्या त्याच जागी येतो. पश्चिमेच्या महाद्वारातून मावळतीचा किरण आत शिरतो आणि पहिल्या दिवशी पाय, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख असा चढतो.

अमेरिकेत नॅन्सी होल्ट हिने १९७६ मध्ये यूटाच्या वाळवंटात काँक्रीटचे चार मोठे नळ अयनदिनांच्या उगवती-मावळतीला नेम धरून ठेवले. 'सन टनेल्स' म्हणून ते काम जगभर गाजले. तिला वाळवंट मिळाले, हे तिचे भाग्य. कोल्हापुरात किरणाला महाद्वार रस्त्यावरून यावे लागते, आणि तिथे वाढीव मजले, पाण्याच्या टाक्या, फलक, तारा, धूळ, ढग, सगळेच त्याच्या वाटेत उभे असतात. किरण कधी मुखापर्यंत पोचतो, कधी कमरेवरच थांबतो. मग मोजणी होते, अडथळे काढायच्या याद्या होतात. यातून एक गोष्ट ध्यानात येते, जी कलादालनांच्या पुस्तकांत सहसा नसते. असे शिल्प देवळाच्या भिंतीपाशी संपत नाही. पश्चिमेच्या क्षितिजापर्यंत जो जो बांधकाम परवाना देतो तो प्रत्येक जण या शिल्पाचा भागीदार असतो.

एवढा वारसा असताना आजच्या आपल्या कलावंतांनी नुसत्या उजेडाचे, नुसत्या पाहण्याचे शिल्प मात्र फारसे केले नाही. केले ते सावलीचे आणि शब्दांचे. नलिनी मालानी, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या, पारदर्शक नळकांड्यांवर आतून चित्रे रंगवतात, ती फिरती टांगतात आणि त्यांतून चलचित्राचा झोत जाऊ देतात. २०१२ च्या 'डॉक्युमेंटा' या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांनी अशी पाच नळकांडी मांडली होती. भिंतीवर सावल्या एकमेकींवरून चालत जातात, आणि प्रेक्षकाची स्वतःची सावलीही त्यांत मिसळते. पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागच्या दिव्यासमोर नाचतात, त्यांच्याशी याचे नाते लांबचे नाही. जितीश कल्लाट यांनी ११ सप्टेंबर २०१० रोजी शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधल्या जिन्याच्या ११८ पायऱ्यांवर विवेकानंदांचे १८९३ चे भाषण दिव्यांनी उमटवले, अमेरिकेच्या धोक्याच्या इशाऱ्यांच्या पाच रंगांत. त्यांचेच 'कव्हरिंग लेटर' २०१२ चे: गांधींनी जुलै १९३९ मध्ये हिटलरला लिहिलेले पत्र धुक्याच्या पडद्यावर खालून वर सरकत राहते. वाचता वाचता तुम्ही त्यातून चालत पलीकडे जाता आणि अक्षरे तुमच्या अंगावर फुटतात. शिल्पा गुप्ता यांनी दिव्यांची वाक्ये तीन भाषांत उघड्यावर, समुद्राकाठी लावली.

ही कामे चांगली आहेत. 'कव्हरिंग लेटर' तर मला टरेलच्या बऱ्याच खोल्यांपेक्षा वरचे वाटते, कारण तिथे शरीराला कळते ते आणि इतिहासाला सांगायचे ते एकाच धुक्यात घडते. पण बहुतेक ठिकाणी उजेड काहीतरी सांगायला वापरला आहे, उजेडाला स्वतःचे काम करू दिलेले नाही. कारण साधे असावे. रिकामी, शांत, पूर्ण अंधारी खोली आपल्याकडे महागाची चीज आहे. तिला जागा लागते, जी मुंबईत नाही. एका वेळी सात-आठ माणसेच सोडायची शिस्त लागते, जी गावच्या जत्रेत नाही. आणि आपला प्रेक्षक गोष्ट मागतो. २०२५ मध्ये मुंबईच्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमध्ये अमेरिकेच्या डिया आर्ट फाउंडेशनच्या संग्रहातले 'लाइट इनटू स्पेस' प्रदर्शन भरले. फ्लेविन, कॉर्स, अर्विन यांची कामे इकडच्या प्रेक्षकाला विमान न पकडता पाहता आली, साठच्या दशकानंतर साठ वर्षांनी. उशीर झाला, पण आले.

त्याआधी, २०२३ च्या सुरुवातीला, मुंबईत व्हॅन गॉग भिंतीभर फिरवून दाखवणारे तिकिटाचे खेळ झाले होते. त्यांना मी या आढाव्यात धरत नाही. तिथे चित्र मोठे होते, पाहणे मोठे होत नाही. किल्ल्यांवर, देवळांवर रंग बदलणारे झोत टाकण्याचा जो सपाटा चालला आहे, तोही त्याच जातीचा. ते दिवे जमिनीत गाडलेले असतात, उजेड खालून वर जातो, आणि वरून येणाऱ्या उन्हासाठी कोरलेल्या प्रत्येक भुवईची, ओठाची, कमळाच्या पाकळीची सावली उलटी पडते. जांभळा रंग वर फुकट.

सिंदखेडराजाला जून २०२४ मध्ये लखुजीराव जाधवांच्या समाधीच्या परिसरात पुरातत्त्व खात्याच्या खोदकामात शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती निघाली. सुमारे सव्वादोन मीटर खाली, लांबी १.७ मीटर, उंची मीटरभर. दगड आपल्या नेहमीच्या काळ्या बसाल्टचा नाही, क्लोराइट शिस्टचा. तो मऊ असतो, म्हणून कोरीव काम बारीक उतरते. मूर्तीवर समुद्रमंथनाचा प्रसंगही आहे. अशा बारीक कामाचा उठाव फार थोडा, आणि समोरून एक पांढरा फोकस मारला की तो पुसला जातो. मूर्ती कुठे राहावी हा प्रश्न मोठ्यांचा. कशी दिसावी यावर मात्र बोलता येते. एकच मंद, पिवळसर दिवा, वरून आणि डाव्या अंगाने, दगडाला घासून जाईल असा तिरका. काचेची पेटी केलीच तर काचेत दिव्याचे प्रतिबिंब पडणार नाही एवढे पाहायचे. आणि मूर्तीच्या दालनाआधी एक अंधारी ओसरी, जिथे शाळेच्या सहलीची पोरे दहा मिनिटे खाली बसवता येतील. गुरुजी कुरकुरतील, त्यांना दिवस मावळायच्या आत लोणार उरकायचे असते.